पत्रिकेच्या कोपऱ्याएवढा गॅप

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणूस आधी काय पाहतो? नवरा कोण, नवरी कोणाची आणि जेवण कुठे. आमचे येळणेकाका यातलं काहीच पाहत नाहीत. ते पत्रिका उघडतसुद्धा नाहीत. तिचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरतात, डोळे मिटतात आणि बायका साडीचा पोत पाहतात तसा तो चोळत बसतात. मग निकाल लागतो.

“पातळ आहे. कामाची नाई.”

किंवा, “हां! याले म्हणते पत्रिका! कोणाची आहे?” आणि उत्तर यायच्या आत खिशातून छोटी कात्री काढून कचकन कोपरा कापून घेतात. कोपऱ्यात गणपती छापला असेल तर समोरचा कोपरा कापतात. एवढा धर्म ते पाळतात.

आता हे त्यांनी स्वतःच्या घरी केलं असतं तर मला तक्रार नव्हती. पण माझं सेलूच्या बाजाररस्त्यावर पत्रिका छापायचं दुकान आहे, आणि काकांचं घर माझ्या घराला भिंतीला भिंत लागून. म्हणजे घरी शेजारी आणि दुकानात संकट. माझ्या नमुन्यांच्या अल्बममध्ये चार कोपऱ्यांची पत्रिका औषधाला सापडत नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं तो अल्बम चाळून मोठ्या कौतुकानं विचारलं, “हे कोपरा कापलेलं डिझाईन नवीन आलं का जी?” मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, “नागपूरहून आलं.” त्यानं सगळ्या पत्रिका तशाच मागितल्या. काकांनी माझ्या धंद्याला लावलेला हातभार तो एवढाच.

हे कोपरे जातात कुठे? तर काकांच्या गाडीच्या पोटात.

काकांकडे एक जुनी पद्मिनी आहे. रंग मूळचा कोणता होता यावर गल्लीत दोन पक्ष आहेत. असल्या जुन्या गाडीच्या इंजिनात एका काळ्या टोपीखाली धातूचे दोन बारीक ठिपके असतात. त्यांना पॉइंट म्हणतात. ते एकमेकांना टेकतात, सुटतात, टेकतात, सुटतात, आणि सुटले की ठिणगी पडते. ठिणगी पडली तर गाडी चालते. हे ठिपके जळतात, झिजतात, काळे पडतात. मग ते घासायचे आणि त्यांच्यामधलं अंतर पुन्हा नीट लावायचं. त्यासाठी पोलादी पट्ट्यांचं एक माप मिळतं, पण काका त्याला हात लावत नाहीत. त्यांच्या मते जगात एकच खरं माप आहे, ते म्हणजे चांगल्या घरच्या लग्नाची पत्रिका.

“गॅप पाह्यजे, प्रकाश, गॅप!” हे त्यांचं ब्रीदवाक्य. “जास्त नाई, कमी नाई. पत्रिकेच्या कोपऱ्याएवढा. मंग पाह्य ठिणगी!”

गॅप हा त्यांच्यासाठी गाडीचा विषय राहिलेलाच नव्हता. मी माझ्या घराला कंपाउंड बांधलं तेव्हा ते गॅपवर बोलले. माझा मेहुणा घरी राहायला आला तेव्हाही बोलले. दाताच्या डॉक्टरला त्यांनी गॅपवर एवढं सुनावलं म्हणतात, की त्या बिचाऱ्यानं चुकीची दाढ तपासली. आयुष्यभर त्यांनी बोर धरणाच्या कालव्यावर गेटं उघडायची आणि बंद करायची नोकरी केली. पाणी किती सोडायचं, गेट किती उचलायचं, याच्यातच केस पांढरे झाले. निवृत्त झाल्यावर उघडझाप करायला जे उरलं ते या पद्मिनीचं बोनेट.

एकदा एका दूरच्या नातेवाइकानं त्यांना मोबाइलवर पत्रिका पाठवली. फुलं उडतात, सनई वाजते, नवरानवरी गोल फिरतात, असली. काका फोन घेऊन तरातरा माझ्या दुकानात आले.

“हे काय आहे?”

“पत्रिका आहे, काका. आता अशाच येतात.”

“याच्यानं मी गॅप कसा लावू? फोन घुसवू का इंजिनात?”

त्या लग्नाला ते गेले नाहीत. आहेरही पाठवला नाही. “त्यायनं कोपरा नाई देल्ला, मी काऊन देऊ?” हा हिशोब. माझी मात्र त्या दिवशी त्यांच्याशी पहिल्यांदा मनापासून सहमती झाली. धंदा माझाही बुडून राहिला होता.

आता सकाळचा कार्यक्रम सांगतो, कारण त्याचं तिकीट न काढता आमची अख्खी गल्ली तो वर्षानुवर्षं पाहत आली.

कोंबडं आरवायचं थांबलं की काकांच्या अंगणात बोनेट उघडायचं, ‘किर्रर्र’ असं, म्हाताऱ्या दारासारखं. काका बनियनवर, कानाच्या मागे पॉलिश पेपरची घडी, कमरेपासून वरचं शरीर इंजिनात. मग घरातून सुमनकाकू बाहेर यायच्या. पदर खोचलेला, चेहरा असा, की बँकेत पासबुक भरायला रांगेत उभ्या असाव्यात. त्या गाडीचं दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर बसायच्या. आणि सुरू व्हायचं.

“मार!”

काकू किल्ली फिरवायच्या. गाडी घर्रर्र करायची.

“बस!”

काकू थांबायच्या.

“मार!... बस!... मार!... बस बस बस!”

यात विनोद असा की त्या वेळी गाडी सुरू करायचीच नसते. इंजिनाला कणाकणानं फिरवून ते ठिपके पूर्ण उघडतील अशा जागी आणून थांबवायचं, आणि मग मधे पत्रिकेचा कोपरा सरकवायचा, असं ते काम. एकानं किल्लीवर बसायचं, दुसऱ्यानं आत डोकं घालायचं. एकट्यादुकट्याचं कामच नाही. काकूंचा हात त्यात एवढा बसला होता की काकांनी ‘ब’ म्हणेपर्यंत त्या थांबलेल्या असायच्या. नुसत्या मनगटाच्या झटक्यानं. मग शेवटी खरं ‘मार’ यायचं, गाडी खोकत खोकत पेटायची, निळा धूर आमच्या तुळशीवर बसायचा, आणि काकू उतरून एक शब्द न बोलता घरात निघून जायच्या.

एक शब्द न बोलता, हे मी शोभेसाठी लिहिलेलं नाही. ‘मार’ आणि ‘बस’ सोडून त्या नवराबायकोत बोलणंच नव्हतं. दोन्ही शब्द काकांचे. काकूंचा वाटा म्हणजे घर्रर्र.

बाकी जो काही व्यवहार व्हायचा, तो भिंतीपलीकडच्या माझ्यामार्फत.

“प्रकाश, सांग तुझ्या काकीले, भाजीत मीठ कमी आहे.”

“प्रकाश, सांग तुझ्या काकाले, मीठ मापानं टाकलं आहे. जिभेचा गॅप पाह्य म्हणा.”

मी दोन्हीकडे निरोप पोचवायचो, आणि खरं सांगतो, वाटेत थोडा मसाला माझाही टाकायचो. हैदराबादहून मुलाचा फोन आला की दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसून त्याच्याशी बोलायचे. तो बिचारा दोनदा ‘ठेवतो’ म्हणायचा.

याची सुरुवात एका लग्नापासून. काकूंचा एकुलता एक भाऊ दिगांबर. हिंगणीला त्याची भाजीची शेती. त्याचं लग्न पुलगावला लागायचं होतं, आणि काकू म्हणजे नवरदेवाची बहीण, करवली. कऱ्हा हातात घेऊन मागं उभं राहायचा मान तिचा. शालू नेसून, गजरा माळून त्या याच पद्मिनीत बसल्या. वर्धा सोडून गाडी पुढं गेली आणि एका रेल्वे फाटकापाशी पॉइंट जळाले. फाटक उघडलं, बंद झालं, पुन्हा उघडलं. मालगाड्या गेल्या, बैलगाड्या गेल्या. काका रस्त्यावर मांडी घालून ठिपके घासत राहिले आणि काकू शालूचा पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या राहिल्या. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, ताई, मी सोडतो. काका म्हणाले, “कायले? झालंच आता.”

तुम्ही म्हणाल, आपल्याकडची लग्नं कुठे वेळेवर लागतात! अगदी खरं. आमच्या जिल्ह्यात दुपारचं लग्न उन्हं उतरल्यावर लागतं आणि सकाळच्या मुहूर्ताचे पाहुणे दुपारी घरून निघतात. पण काकांचं नशीब पाहा. नवरीचा बाप सैन्यातून निवृत्त झालेला सुभेदार होता. त्यानं घड्याळ पाहिलं आणि भटजीला म्हणाला, चालू करा. वर्धा जिल्ह्यात वेळेवर लागलेलं ते एकमेव लग्न असावं. पद्मिनी मांडवापाशी पोचली तेव्हा दुसरी पंगत उठत होती. कऱ्हा शेजारच्या कोणा पोरीनं धरला होता. अल्बममध्ये आजही तीच आहे, दात काढून हसणारी. तिचं नावसुद्धा कोणाला माहीत नाही.

काकू त्या दिवशी रडल्या नाहीत. त्यांनी जेवण केलं, भावाला ओवाळलं, एसटीनं परत आल्या. आणि बोलणं बंद.

तेव्हापासून काकू कुठेही निघाल्या की एसटीनं. माहेर असो, दवाखाना असो, वर्ध्याचा बाजार असो. आणि आता खरी मजा ऐका. काकू एसटीत चढल्या की काका पद्मिनी काढायचे आणि एसटीच्या मागे मागे जायचे. पुढे लाल एसटी, मागे खोकणारी पद्मिनी. कंडक्टर ओळखीचा झालेला. “मावशी, तुमचे साहेब येऊन राह्यले मागून,” असं तो खिडकीतून पाहून सांगायचा. काकू पुढे पाहायच्या. थांब्यावर काकू उतरल्या की काका वीस पावलांवर गाडी उभी करायचे आणि तोंड फिरवून बसायचे. जणू ते सहज, हवा खायला, त्याच गावाला, त्याच वेळी, त्याच बसच्या मागे आले होते. वाटेत पद्मिनी बंद पडायचीच. एसटी निघून जायची. मग काका बोनेट उघडून पत्रिकेचा कोपरा काढायचे. गल्लीतले पोट्टे त्यांना ‘एसटीचा डबा’ म्हणायचे. नाव ठेवणारा मी होतो हे काकांना आजतागायत माहीत नाही. त्यांच्या जिद्दीची मी किती टिंगल केली असेल! हट्टाला पेट्रोल लागतं हे त्यांच्याकडे पाहून कळायचं.

मी एकदा काकूंना विचारलं, “काकी, गाडीत बसत नाई म्हणता, मंग सकाळी किल्ली माराले काऊन बसता?”

काकू म्हणाल्या, “उभ्या गाडीनं कोणाचं लग्न चुकत नाई.”

हे वाक्य मी त्याच दिवशी गल्लीत माझं म्हणून खपवलं.

आमच्या चौकात बबलूचं गॅरेज आहे. बबलू हातानं कमी आणि तोंडानं जास्त गाड्या दुरुस्त करतो. तो कित्येक वर्षं काकांच्या मागे लागला होता, “काका, जमाना कुठे गेला! पॉइंट फेका. इलेक्ट्रॉनिक टाका. छोटासा डब्बा येते. बसवला का जिंदगीभर पाहाचं काम नाई. घासनं नाई, गॅप नाई, काहीच नाई!”

‘गॅप नाई’ हे शब्द ऐकले की काकांचा चेहरा जळालेल्या पॉइंटसारखा व्हायचा.

“डब्बा म्हणजे काय बे? उघडता येत नाई, घासता येत नाई. बिघडला तर त्याच्यावर रागावताही येत नाई! असल्या वस्तूसंगं माणसानं राह्याचं कसं?”

“राह्याचं काऊन आहे काका? गाडी चालवाची आहे.”

“तुले नाई समजत. तू डब्बे विकून राह्यला. मी गाडी ठेवून राह्यलो.”

हा संवाद ऐकायला लोक मुद्दाम चहा मागवून बसत.

मग एक दिवस हिंगणीहून दिगांबर माझ्या दुकानात आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तीच, त्या वेळेवर लागलेल्या लग्नाची मुलगी. त्यानं अल्बममधला सगळ्यात जाड कागद निवडला आणि डोळा मारून म्हणाला, “भाऊजीच्या पसंतीचा.” जाताना हळूच म्हणाला, “कऱ्हा यावेळी सुमनबाईच्याच हाती देणार आहो. पोरीनंच सांगतलं, आत्या पाह्यजे म्हणून. टाइमावर यावं म्हणजे झालं.”

छापून झाल्या त्या दिवशी काका हजर. गठ्ठ्यातली पहिली पत्रिका त्यांनी उचलली, डोळे मिटले, कोपरा चोळला. चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की मला पेढ्याची आठवण झाली.

“वा! काय दम आहे! धरणाच्या भिंतीसारखी. कोणाची आहे?” असं म्हणत त्यांनी कात्री लावलीसुद्धा.

मी म्हणालो, “दिगांबरच्या पोरीची.”

कात्री उघडी तशीच राहिली. काकांनी डोळे उघडले. मग त्यांनी जे केलं ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी पत्रिका उघडली आणि वाचली. वरपासून खालपर्यंत, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून छापखान्याच्या नावापर्यंत. मुहूर्ताच्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली.

“हिंगणीलेच आहे नं?”

“हो. घरासमोरच मांडव.”

त्यांनी कात्री खिशात ठेवली. पत्रिकेचे चारही कोपरे शाबूत. ती शर्टाच्या आतल्या खिशात घातली आणि रस्त्याकडे पाहत म्हणाले, “तो बबलू... काय म्हणे तो, त्या डब्ब्याचं?”

मी हातातली शाईची बाटली सांडली. नंतर गल्लीत सांगताना मात्र मी म्हणालो की मला आधीच अंदाज होता.

बबलूच्या गॅरेजवर त्या दिवशी एवढी माणसं जमली की एका भाजीवालीनं हातगाडी तिथेच आणून लावली. काका घरच्या माणसाला ऑपरेशनला आणल्यासारखे उभे. बबलूनं काळी टोपी काढली, पॉइंट सोडवले, त्यांच्या शेजारचा छोटा कंडेन्सर काढला.

“हळू बे! घरचे आहे ते.”

“काका, भंगार आहे हे आता.”

“तुझ्या तोंडाचं भंगार. आण इकडे.” काकांनी ते दोन ठिपके रुमालात बांधून घेतले.

पॉइंटच्या जागी बबलूनं काडेपेटीएवढा काळा डबा बसवला, मधल्या दांड्यावर एक चुंबकाची कडी सरकवली. डब्यातून दोन वायरी निघाल्या, लाल आणि काळी. “या दोघी उलट्या लावल्या का डब्बा खल्लास,” बबलूनं सांगितलं. काकांनी लगेच त्याचा हात धरला आणि त्या वायरी तीन वेळा त्याच्याकडून तपासून घेतल्या. मग सवयीनं बोनेटमध्ये वाकले आणि ओरडले, “मार!”

गाडीत बसलेल्या बबलूनं किल्लीला नुसतं बोट लावलं. गाडी सुरू. खोकला नाही, धूर नाही, घर्रर्र नाही. पंखा लावावा तशी.

काका बोनेटमधून वर आले ते संतापून. “अबे, मले ‘बस’ तं म्हणू दे!”

लोक टाळ्या वाजवून हसले. सगळ्यात मोठी टाळी माझी.

आता उरला शेवटचा अंक. काकूंना गाडीत बसवायचं. काका भिंतीपाशी आले.

“प्रकाश, सांग तुझ्या काकीले, लग्नाले गाडीनं जाऊ.”

काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. दोघांमधलं अंतर चार हात, तरी मी पोचवलं.

“सांग तुझ्या काकाले, एसटी आहे.”

“सांग तिले, गाडी आता बंद पडत नाई.”

“विचार त्यायले, पॉइंट जळाले म्हणजे?”

काकांनी घसा साफ केला. “सांग तिले... पॉइंटच नाई आता. काढून टाकले.”

मी सांगायला तोंड उघडलं, पण काकूंनी ते थेट ऐकलं होतं. त्यांचा हात सुपातच थांबला. मान वर करून त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग काकांकडे.

“काढून टाकले?” असं त्या म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता.

मग सूप उचलून आत गेल्या. मी काकांना म्हणालो, “गेली संधी.” पण लग्नाच्या दिवशी सकाळी काकू शालू नेसून बाहेर आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या. तोच जुना शालू. मला पुढे बसवण्यात आलं, निरोप्या म्हणून. गाडी बोरधरणाच्या रस्त्याला लागली. संत्र्याच्या बागा, कालवा, काकांची जुनी गेटं. काका एवढे ताठ बसले होते की जणू गाडीच त्यांना चालवत होती. वाटेत हिंगणीची एसटी आमच्या मागे आली. काकांनी आरशात पाहिलं, हात बाहेर काढला आणि राजानं करावी तशी तिला खूण केली, ये मागून.

आम्ही पोचलो तेव्हा मांडवात खुर्च्या यायच्या होत्या. नवरी दात घासत होती. आणि लग्न? मुहूर्त टळून गेला, वरात डीजेपुढे नाचत राहिली, वरण दोनदा गरम झालं. नवरीचे आजोबा झालेले सुभेदार आता थकले होते. कोपऱ्यात खुर्चीवर बसून ते पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. शेवटी उन्हं उतरताना मंगलाष्टकं सुरू झाली. काकू कऱ्हा घेऊन नवरीच्या मागे उभ्या राहिल्या. फोटोवाल्याला त्यांनी स्वतः सांगितलं, “हा नीट काढ.” काका मांडवाच्या तोंडाशी, गाडीच्या बोनेटवर हात ठेवून, टाचा उंच करून पाहत होते. घोडा पळेल म्हणून लगाम धरावा तसे.

माझ्या मते गोष्ट इथे संपायला हवी होती. नवराबायको बोलू लागले, गाडी सुधारली, शेजाऱ्यानं हातपाय ताणून झोप काढली. पण तसं झालं नाही.

काकू परत आल्या आणि पुन्हा गप्प. राग गेला होता, हे दिसायचं. भाजीतलं मीठ मापात असायचं, निरोप येत नसत. पण इतकी वर्षं न बोललेली माणसं अचानक बोलणार काय? विषय लागतो. आणि एक विषय होता, तो बबलूनं सोडवून टाकला होता. सकाळी काका एकटेच गाडीत बसायचे, किल्लीला बोट लावायचे, गाडी सुरू. बंद करून उतरायचे. काकू ठरल्या वेळी पदर खोचून दारात यायच्या, पाहायच्या, आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडायच्या. गल्लीत एवढी शांतता, की मला लवकर जाग यायला लागली.

काका दुकानात येऊन बसत. समोर नव्या पत्रिकांचा गठ्ठा, पण हात लावत नसत.

“कशी आहे गाडी?” मी डिवचायचो.

“बिघडतच नाई, साली,” ते म्हणायचे.

मग परवा सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. किर्रर्र. आणि पाठोपाठ, “मार!” घर्रर्र. “बस!”

मी दात घासायचा ब्रश तोंडात तसाच धरून धावलो. एवढी सुवर्णसंधी मी सोडतो होय! इलेक्ट्रॉनिक डबा बंद पडला, यावर दोन वर्षं पुरेल एवढी थट्टा होती. काका बोनेटमध्ये. काकू किल्लीवर. मी काकांच्या शेजारी जाऊन आत डोकावलो. इतकी वर्षं व्याख्यानं ऐकून मलाही आता थोडं कळतं. आत किल्लीकडून कॉइलवर येणारी वायर निघून बाजूला लोंबत होती. ती निघाली की डब्याला करंटच नाही. मग दिवसभर किल्ली मारा.

“काका,” मी ब्रश काढून म्हणालो, “ही वायर—”

“हळू बोल. दिसते मले.”

“मंग लावा नं!”

त्यांनी मान न वळवता, ओठ न हलवता सांगितलं, “काल संध्याकाळी मी तिचा नट पान्यानं आवळून ठेवलता. आपोआप निघत नाई ती.”

मी बोनेटच्या फटीतून काचेपलीकडे पाहिलं. काकू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होत्या, पासबुकाच्या रांगेतल्यासारख्या. उजव्या हाताची दोन बोटं काळ्या ग्रीसनं भरलेली होती. पुसायचं राहून गेलं असावं.

“काय झालं आहे तिले?” काकूंनी आतून विचारलं. मला नव्हे. माझं नावच घेतलं नव्हतं.

“पाहून राह्यलो,” काका ओरडले. “वेळ लागन. घाई आहे का तुले?”

“नाई. मी बसली आहो.”

काकांनी ती वायर बोटानं अलगद आणखी मागे सरकवली, चुकून कुठे टेकू नये अशी. मग मला कोपरानं ढोसलं.

“प्रकाश, जा, दुकानातून एका पत्रिकेचा कोपरा घेऊन ये. चांगला जाड.”

“काका, पॉइंटच नाईत, गॅप कशाचा लावता?”

“जा म्हणलं नं! हातात काई तरी दिसलं पाह्यजे.” त्यांनी एकदा काचेकडे पाहिलं आणि कुजबुजले, “लवकर आण. नाई तं तिले वाटन, काम झालं.”